कबरीवरून आणलेली चिंच

ऊन कललं की चिंचेची पानं मिटतात. शाळेत मी हे मुलांना कैक वर्षं शिकवलं. पण आमच्या अंगणातली चिंच मिटायला लागली की माझी थोरली बहीण, शरीफाआपा, बाजेवरून उठते, कुंडीपाशी जाऊन उभी राहते आणि हळू आवाजात सांगते, "निजला." त्यानंतर घरात मोठ्यानं बोलायचं नसतं. टीव्हीचा आवाज खाली आणायचा, भांडं वाजू द्यायचं नाही. कुकरच्या शिट्ट्या मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजाआधीच करून घ्यायच्या.

झाड जेमतेम दोन हात उंच आहे. खोड मात्र माझ्या मनगटाहून जाड, उन्हात तापलेल्या काळ्या रानासारखं भेगाळलेलं. कुंडीतच वाढलं आणि कुंडीतच म्हातारं झालं. परकं माणूस आलं की म्हणतं, "वा, बोन्साय! कुठून आणलं?" आपा उत्तर देत नाही. मीच सांगते, "घरचंच आहे."

घरचंच म्हणजे मुनीरच्या कबरीवरचं. मुनीर आपाचा मुलगा.

तो पोटात असतानाच त्याचे वडील गेले. आपानं श्रीगोंद्यात शिवणकाम करून त्याला वाढवलं. उंच, हसरा, मिसरूड फुटलेलं पोर. पण कुठल्याच कामाला टिकायचा नाही. उसाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लावला होता, ते सोडून आठवड्याच्या आत दारात हजर. आपा आधीच वैतागलेली. जेवायला बसलेल्या पोराला तिनं ताटावरून उठवलं. "परत तोंड दाखवू नकोस मला," म्हणाली. तो उठला, मोरीवर हात धुतला आणि बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी तो कालव्याच्या दाराला अडकलेला सापडला. आमचा धाकटा भाऊ बाबाजान त्याला घरी घेऊन आला.

"पाय घसरला," बाबाजान म्हणाला. "लई शेवाळ हाय कडंला."

मौलानाही तेच म्हणाले, शेजारीही तेच म्हणाले. नमाज झाली, माती दिली. पाय घसरला, एवढ्या दोन शब्दांना घरानं आतून कडी लावून घेतली आणि ती कोणी काढली नाही. कारण दुसरं काही असलं तर काय, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आमची दादी सांगायची, स्वतःहून जीव दिलेल्याला कबरीत चैन पडत नाही. आपानं कधी विचारलं नाही. बाबाजान कधी बोलला नाही.

दादी आणखीही एक सांगायची. कबरीवर हिरवं काही उगवलं तर उपटू नये. हिरवं पान अल्लाचं नाव घेत असतं. ते हिरवं आहे तोवर आतल्या माणसाला आराम असतो.

आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. त्यामुळे बाबाजान तिकडून आला की आपा त्याला उंबऱ्यातच अडवून विचारायची, "काही उगवलंय का?" पहिल्या पावसाळ्यानंतर तो म्हणाला, चिंचेचं रोप उगवलंय, पण कमिटीवाले काढून टाकणार आहेत, मोठी झाली की चिंचेची मुळं कबरी फोडतात. आपानं हातातली कात्री खाली ठेवली. स्वयंपाकघरातला डालडाचा डबा रिकामा करून त्याच्या हातात दिला. "मातीसकट आण," म्हणाली. "त्याच्या अंगावरची माती आहे. सांडायची नाही."

तेव्हापासून तो डबा आणि नंतर ती कुंडी आमच्या घरात आहे. आपानं भाड्याची घरं बदलली, तेव्हा सामान टेम्पोत गेलं आणि कुंडी तिच्या मांडीवर. मी विधवा झाले, तिच्याकडे राहायला आले. मग हे घर झालं. तिनं झाड जमिनीत कधी लावलं नाही. जमीन सोडून जावी लागते, असं म्हणायची. दर जुम्याला, शुक्रवारी, नखानं वरचे शेंडे खुडायची, नमाजाआधी वजूला हातपाय धुवून उरलेलं पाणी घालायची. कुंडीतून पाणी झिरपलं की अंगणाच्या उतारानं त्याची ओली रेघ थेट उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथेच सुकायची. ती रेघ ओलांडताना मी पाय जरा उंच उचलते, हे माझ्या नातीनं मला दाखवून दिलं. मला ते कळलंही नव्हतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण जेवणाची ताटं मांडताना माझा हात एक ताट जास्त काढतो. काढतो, आणि मी ते परत मांडणीवर ठेवते. आपाला दिसतं. 

गेल्या दिवाळीनंतर झाड पिवळं पडायला लागलं.

आधी आतली पानं गेली, मग खालच्या फांद्या उघड्या पडल्या. नुसतं लाकूड आणि शेंड्यांना झुपके, म्हाताऱ्या माणसाच्या कानावर राहिलेल्या केसांसारखे. पाणी घातलं की मातीत मुरायचं नाही, कडेनं वाहून जायचं. आपा सकाळी अंगण झाडू द्यायची नाही. आधी स्वतः बसून गळलेली पानं वेचायची, ज्वारीतले खडे वेचावेत तशी.

"एवढी गळतात का गं?" तिनं एकदा मला विचारलं.

"थंडी आहे, आपा."

"त्याला थंडी वाजते म्हणतेस?"

मी तिच्या शेजारी बसून पानं वेचू लागले.

माझ्या मुलीची मुलगी उझ्मा सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिथंच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, सुट्टीला आमच्याकडे येते. पुण्यात जाऊन बोन्सायचा वर्ग केलाय तिनं. तिच्या खोलीच्या खिडकीत वड, उंबर, जास्वंद असं पुष्कळ काही उथळ ताटल्यांमधून वाढत असतं. ती आली आणि तिनं कुंडीत बोट खुपसायला बघितलं. बोट नखाएवढंही आत गेलं नाही.

"बडी नानी," ती आपाला म्हणाली, "हिला जागा राहिली नाही. आत नुसती मुळं मुळांचा गळा आवळत असतील."

"गळा म्हणू नकोस."

"बरं, नाही म्हणत. पण कुंडीतून काढायला हवं. मुळं छाटायची, माती बदलायची, वरनं मागं जुन्या लाकडापर्यंत कापायचं. मग खालून नवी फूट येते, झाड भरतं, आटोपशीर होतं."

"कापतेच की मी. दर जुम्याला."

"तुम्ही नुसते शेंडे खुडता. म्हणून सगळा जीव वर पळालाय आणि खाली उपास. आत उजेडच जात नाही. मायेनं गोंजारलंय तुम्ही, कापलं कधीच नाही."

आपा रागानं आत निघून गेली. आतून आवाज आला, "कबरीवरची फांदी कापते म्हणे! शाळा शिकवली तू हिला, मुबारक, अक्कल कोण शिकवणार?"

बाबाजान तेव्हा चहा पीत बसला होता. साखर कारखान्यात फिटर होता, आता रिटायर आहे. आमची घरातली बोली दखनी, पण त्याचा सगळा जन्म ऊसतोडीच्या फडकऱ्यांत आणि ट्रकवाल्यांत गेला, त्यामुळे तो बोलतो ती इथल्या रानातली मराठी. बशी खाली ठेवून तो म्हणाला, "आपा, झाड हाय ते. न्हाव्याकडं न्हेलं न्हाई म्हून जटा झाल्यात त्याला. कापली तर काय पोलीस येत्याल व्हय?"

"तुला काय, तू तिकडं जाऊन येतोस," आपा आतून म्हणाली. "मला एवढंच आहे."

बाबाजाननं बशी लांब सारली. बशीतला चहा तसाच राहिला.

उझ्मानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "नानी, छाटली तर जगेलच अशी हमी मी देत नाही. खूप उशीर झालाय. पण नाही छाटली तर उन्हाळा बघत नाही ही, एवढं नक्की."

मी ते जसंच्या तसं आपाला सांगितलं. तिनं ऐकलं आणि तसबीहचे मणी ओढत बसली.

मग शब-ए-बारात, गेलेल्यांसाठी दुवा मागायची रात्र, आली. आम्ही हलवा केला. पुरुष कब्रस्तानात गेले, त्यांनी दिवे लावले, फातिहा पढला. सकाळी बाबाजान आला तेव्हा आपा उंबऱ्यात उभीच होती.

"काही उगवलंय का?"

दर वर्षी तो काहीतरी सांगायचा. गवत आहे, तरवड आहे, कसलंसं निळं फूल आलंय. या वर्षी तो थकलेला होता, की खरं बोलायची सवय त्याला म्हातारपणी लागली, कोण जाणे. म्हणाला, "काय न्हाई, आपा. दगड झालीया जमीन. काडी न्हाई."

म्हणजे मुनीरच्या नावाचं हिरवं तेवढं आमच्या कुंडीत उरलं होतं, आणि तेही रोज गळत होतं. आपा दिवसभर कुंडीजवळ बसून राहिली. पुढच्या सुट्टीला उझ्मा आली तेव्हा चप्पल काढायच्या आत तिला म्हणाली, "काप. पण माती फेकायची नाही. चिमूटभरसुद्धा नाही."

सकाळचं कोवळं ऊन होतं. उझ्मानं अंगणात सतरंजीवर तिची हत्यारं मांडली. दोन कात्र्या, छोटी करवत, बांबूची काडी, तार. चाळून घेतलेला विटांचा चुरा, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत एका घमेल्यात कालवून ठेवलं. नवी कुंडी उथळ, लांबट, तळाला भोकांवर जाळी लावलेली. आपानं ती बघितली आणि म्हणाली, "एवढ्यात कसा मावेल?"

झाड कुंडीतून सुटेना. उझ्मानं कडेनं सुरी फिरवली, कुंडी आडवी करून थोपटली, काही उपयोग नाही. शेवटी बाबाजाननं हातोडी घेतली. पहिल्या घावाला आपानं डोळे मिटले. कुंडी फुटली, खापऱ्या गळून पडल्या आणि आतून दुसरी कुंडी निघाली. तशीच्या तशी, तोच आकार, तोच काठ, पण नुसत्या मुळांची. गोल गोल फिरत गेलेली, एकमेकांना वेढत गेलेली, सुतळीच्या गुंड्यासारखी घट्ट.

आपानं वाकून बघितलं. बोटानं दाबलं.

"माती कुठं आहे?"

उझ्मा काडीनं मुळं मोकळी करत होती. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर काळसर भुगा पडत होता.

"हीच आहे, बडी नानी."

"ही? मी डबाभर ठेवली होती. घर बदलताना दर खेपेला सगळीच्या सगळी ठेवली. कुणाला हात लावू दिला नाही."

"झाडानं खाल्ली ती. असंच होतं. मुळं वाढतात तसतशी माती संपत जाते."

कागदावर सगळा मिळून ओंजळभरही भुगा नव्हता. आपानं तो गोळा करून ओढणीच्या कोपऱ्यात बांधला.  इतकी वर्षं ती जी माती राखत होती ती तिच्या डोळ्यांसमोर नाहीशी होत गेली होती, आणि तिला पत्ता नव्हता. मला वाटलं ती आता सगळं थांबवेल.

तेवढ्यात बाबाजान म्हणाला, "ए, बघा की वर."

झाडाची होती नव्हती ती सगळी पानं मिटली होती. भर सकाळी, उन्हात. जोडीला जोडी लावून, खाली माना घालून. अंगणात वारं नव्हतं. बाबाजाननं खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली.

"शॉक आहे," उझ्मा म्हणाली, पण तिचाही आवाज उतरला होता. "मुळं उघडी पडली की होतं असं."

आपानं मिटलेल्या पानांकडे बघितलं. मग खाली बसली, उझ्माच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "निजलाय तोवर कर. जागा व्हायच्या आत."

उझ्मानं करवत घेतली. सोटमूळ अंगठ्याएवढं जाड होतं आणि तळाशी वळणं घेत स्वतःलाच आवळून बसलं होतं. ते कापताना कच्च्या चिंचेचा आंबट वास सुटला. आपाचे ओठ हलत होते. मग कात्रीनं कडेची मुळं, निम्म्याहून थोडी कमी. मग वरच्या फांद्या. उघड्या, लांबलेल्या फांद्या उझ्मा मागपर्यंत कापत गेली आणि झाडाची आकृती लहान लहान होत गेली. शेवटी उरलं ते मला बघवेना. जणू कोणीतरी मागं मागं सरकत भिंतीला टेकलं होतं.

नव्या कुंडीत बसवल्यावर उझ्मानं तळाच्या भोकांतून तार वर काढली आणि बुंध्याच्या मुळांवरून आवळायला लागली.

"बांधू नकोस," आपा म्हणाली.

"बांधायलाच लागतं. हललं तर नवी मुळं तुटतात."

"त्याला डांबून ठेवलेलं चालायचं नाही."

"पावसाळ्यापर्यंत फक्त."

"मग सैल बांध."

उझ्मानं पकडीनं घट्ट पिळा दिला आणि म्हणाली, "हं, सैल आहे." आपानं मान हलवली.

कापलेल्या फांद्यांपैकी एकही आपानं कचऱ्यात जाऊ दिली नाही. हिरवं तेवढं सगळं वेचून तिनं दुसऱ्या एका पांढऱ्या ओढणीत ठेवलं, चारी टोकं जुळवली आणि ते गाठोडं बाबाजानच्या हातात दिलं. "त्याच्या अंगावर घाल. उशाला घाल. वाळायच्या आत जा." बाबाजान स्कूटर काढून गेला. दुपारी रिकामी ओढणी घेऊन आला. आपानं ती धुतली नाही. तशीच घडी करून ठेवली.

त्यानंतर झाडाची राहिलेली पानंही गेली.

उझ्मा जाताना सांगून गेली होती की सावलीत ठेवा, माती ओली ठेवा, घाबरू नका. आम्ही कुंडी न्हाणीच्या भिंतीलगत ठेवली. एका जुम्यापासून दुसऱ्या जुम्यापर्यंत झाड उघडं झालं. काळी काटकी, आणि कापल्या जागी उझ्मानं लावलेल्या लेपाचे पांढरे ठिपके.

संध्याकाळी आपा सवयीनं उठून जायची. पण मिटायला पानंच नव्हती. ती उभी राहायची आणि काही न म्हणता परत यायची. घरात आता आवाज कमी करायचं कारण नव्हतं, तरी टीव्ही आम्ही लावलाच नाही. पानं मिटत नव्हती म्हणजे तो निजत नव्हता. हे आपा बोलली नाही, पण माझ्या मनात आलं, आणि एकदा आल्यावर जाईना. दुपारी पेपर वाचत असले की अंगणात कोणी उभं आहे असं वाटायचं. दाराची कडी हालायची. वाऱ्यानं हालते, नेहमीच हालायची, पण आता आपा आतून विचारायची, "कोण आहे?" आणि मग उत्तराची वाट बघायची. ते वाट बघणं मला सहन व्हायचं नाही. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "कोणी नाही, आपा, मी आहे."

ती जेवेनाशी झाली. ताटावर बसायची आणि भाकरीचा तुकडा मोडून ठेवायची.

उझ्मानं व्हिडिओ कॉल केला. झाड बघून म्हणाली, "नानी, खोडाची साल नखानं जराशी खरवडून बघा. आत हिरवी असेल तर जिवंत आहे."

"त्याला खरवडू?" आपा म्हणाली आणि मोबाईल माझ्या हातात देऊन आत गेली.

मीही खरवडलं नाही. हिरवं नसतं निघालं तर?

पुढच्या जुम्याला नमाजनंतर बाबाजान आला. चहाला बसला. आपा समोर येऊन बसली. तिनं डोक्यावरून ओढणी नीट घेतली. मला वाटलं नेहमीचंच विचारेल, काही उगवलंय का. पण ती म्हणाली, "बाबाजान, त्या दिवशी तू त्याला काढलंस. तो घसरला होता का?"

मी चुलीपाशी होते. हातातली किटली मी खाली ठेवली. इतक्या वर्षांत त्या दोन शब्दांची कडी पहिल्यांदा वाजली.

बाबाजाननं माझ्याकडे बघितलं नाही. बशीकडे बघत म्हणाला, "व्हय की, आपा. सांगितलं न्हवतं का मी? शेवाळ हुतं. घसरला."

"तुला कसं कळलं?"

"आता कसं म्हंजी... खूण हुती ना. काठाला टाच घासलेली. लांबलचक. आन चपला पायातच हुत्या. एक हुती, एक वाहून गेल्ती."

"चपला पायात होत्या."

"व्हय."

"त्या तर तू पिशवीत घालून आणल्यास," आपा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दोन्ही. कोरड्या होत्या. वर धूळ होती. मी पुसून ठेवल्या."

मलाही ते ठाऊक होतं. ती पिशवी त्या दिवशी मीच त्याच्या हातातून घेतली होती. कालव्याच्या काठावर चपला शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या, असं त्यानं मला त्याच वेळी कानात सांगितलं होतं. आपाला कळू नये म्हणून मी त्या मागच्या खोलीत लपवल्या. आपानं त्या कधी शोधल्या आणि कधी पुसल्या, मला माहीत नाही.

बाबाजानचा चेहरा पडला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण ताटावरून उठवलेल्या पोरासारखा दिसायला लागला. "आपा, मी..." म्हणाला. अंगणात ती काळी काटकी उभी होती.  मला वाटलं, झालं, आता हे घर संपलं. आता ती रडेल, नाहीतर याला हाकलून देईल.

आपा पुढे सरकली. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "परत सांग."

"काय?"

"तेच. शेवाळ होतं. तिथून सांग."

बाबाजाननं तेव्हा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो घसा साफ करून सांगायला लागला, "शेवाळ हुतं, आपा. लई. हिरवंगार. मला बी उभं ऱ्हाता येईना..."

आपा ऐकत होती. डोळे उघडे होते. त्याचं सांगून झालं तेव्हा ती उठली, मोरीवर जाऊन हात धुतले आणि मला म्हणाली, "मुबारक, मला वाढ."

तेव्हापासून तो दर जुम्याला येतो आणि सांगतो. आधी तो चाचरायचा. आता नाही. फिटर माणूस आहे, एकदा जोडायला घेतलं की नीट बसवल्याशिवाय सोडत नाही. मुनीर घरून निघाला तो रागात नव्हताच, असं तो सांगतो. वाटेत कोणाच्या तरी रानात त्यानं ऊस मोडून खाल्ला. हात चिकट झाले म्हणून कालव्यावर धुवायला उतरला. नवीन चपला खराब होऊ नयेत म्हणून काठावर काढून ठेवल्या. हे त्यानं आपानं सांगितलेल्या कोरड्या चपलांसाठी नंतर बसवलं, आणि बसवल्यावर स्वतःच म्हणाला, "तसंच असंल की, आपा. दुसरं काय?" आपा म्हणाली, "नव्याच होत्या. ईदला घेतल्या होत्या." मग पाय घसरला. एवढंसं पाणी दिसत होतं, पण दार उघडलेलं, ओढ होती. पोहता येत होतं, पण डोकं दाराला लागलं. काही कळलं नाही त्याला.

चैत्रात झाडाच्या जुन्या खोडावर, अगदी खाली, जिथं वर्षानुवर्षं नुसतं लाकूड होतं तिथं मोहरीएवढे फुटवे आले. उझ्मा सुट्टीला आली ती वेडीच झाली. मोबाईलवर फोटो काढत सुटली. "बडी नानी, बघा तर! खालून फुटलीय. आता ही भरणार. जूनमध्ये परत जरा कापू."

आपा भाजी निवडत होती. "तुला हवं तेव्हा काप," म्हणाली. "मला काय विचारतेस? तुला येतंय ते."

उझ्मा माझ्याकडे बघत राहिली. मी चहाचं आधण ठेवायला उठले. तो जुमा होता आणि बाबाजानची स्कूटर दारात वाजली होती.

त्या दिवशी तो रंगात होता. चहा संपला तरी त्याचं सांगणं संपेना. ऊस झाला, हात धुणं झालं, शेवाळ झालं. आणि मग कधी नव्हे ते त्यानं एक नवीन घातलं. "पडताना आपा, त्यानं हाक मारली आसंल बघ. 'अम्मी' म्हून..."

आपानं हात वर केला. पंजाच धरला त्याच्यासमोर, रस्त्यावर गाडी थांबवतात तसा.

"हे नको," म्हणाली. "एवढं काढ."

बाबाजान गोंधळला. "न्हाई, म्हंजी मायेनं..."

"कळलं मला. पण हाक नको. हाक मारली असती तर मला ऐकू आली असती." मग म्हणाली, "हात धुतले तिथून सांग."

तो पुन्हा सांगू लागला. हात धुतले. पाणी गार होतं. तो उभा राहिला. आपानं डोळे मिटून घेतले होते. मी दारात बसले होते. त्या कोरड्या चपला माझ्या हातून गेल्या आहेत, तरी मला कालवा दिसत होता, हिरवा काठ दिसत होता, त्यावर उभा असलेला तो पोरगा दिसत होता, ओले हात शर्टाला पुसत असलेला. त्यानं घराच्या दिशेला वळायला पाय उचलला. आणि मी, सगळं माहीत असलेली बाई, मनात म्हणत होते, जपून रे, शेवाळ आहे.